सासूची बाटली, सुनेची बाटली : घरातली औषधं ओळखायची कशी?

थायरॉइडची गोळी सकाळी अनशापोटी घ्यायची असते. म्हणजे चहाच्या आधी, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत चष्मा सापडायच्याही आधी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत एका छपराखाली तीन पिढ्या नांदणारी घरं अजून आहेत. अशा घरात सासू आणि सून दोघींना थायरॉइड असणं आता नवलाचं नाही. या गोळ्या पाकिटाऐवजी शंभर-सव्वाशेच्या बाटलीत मिळतात. सासूची ५० मायक्रोग्रॅमची, सुनेची १०० ची. कंपनी एकच, बाटली तेवढीच, झाकण तेच, आतली गोळी इवलीशी. फरक लेबलावरच्या आकड्याचा आणि रंगाच्या एका पट्टीचा. मेडिकलवाल्याने दोन्ही एकाच पिशवीत घातलेल्या असतात आणि घरी आल्यावर त्या एकाच फळीवर शेजारी शेजारी बसतात.

एखाद्या सकाळी अदलाबदल झाली तर आकाश कोसळत नाही. थायरॉक्सिन शरीरात निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे एका दिवसाचा फरक पचून जातो. पण बाटली संपेपर्यंत, म्हणजे तीन-चार महिने, हीच अदलाबदल चालू राहिली तर? सासूची छाती धडधडू लागते, झोप उडते, वजन उतरतं. सुनेचा रिपोर्ट बिघडतो आणि डॉक्टर, त्यांना बिचाऱ्यांना फळीवरचा घोळ कुठून कळणार, तिचा डोस वाढवून देतात.

आपल्याकडे बाटली कमी, पिशवी जास्त

अमेरिकेत औषध दुकानदार गोळ्या मोजून नारिंगी बाटलीत भरतो आणि वर रुग्णाच्या नावाचं लेबल चिकटवतो. तरीही तिथे घोळ होतो. न्यूयॉर्कमध्ये डिझाइन शिकणाऱ्या डेबोरा अॅडलर यांच्या आजीने चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. त्यावरून अॅडलर यांनी चपट्या अंगाची, मोठ्या अक्षरांची नवी बाटली आखली. २००५ पासून टार्गेट या साखळी दुकानांनी ती वापरली. बाटलीच्या गळ्यात रंगीत रबरी कडं असायचं आणि घरातल्या प्रत्येकाचा रंग वेगळा. पुढे टार्गेटची औषध दुकानं सीव्हीएस कंपनीकडे गेली आणि ती बाटली बंद पडली. कल्पना मात्र नामी होती. तिच्याकडे पुढे वळूच.

आपल्याकडे गोळी पाकिटात येते आणि पाकिटावर रुग्णाचं नाव नसतं. ते कुणाचं, कशासाठी, कधी घ्यायचं, हे सगळं मेडिकलवाल्याच्या तोंडी सांगण्यावर आणि आपल्या लक्षात राहण्यावर. ‘मावशी, ही सकाळी, ही रात्री, आणि ही अर्धी बरं का’ हे काउंटरवर पटतं. घरी पोचेपर्यंत अर्धी कुठली ते विसरलेलं असतं.

हुपरीच्या माणसाची त्यात आणखी एक अडचण. साध्या तापाला गावातला डॉक्टर, हाडाचा इचलकरंजीला, हृदयाचा कोल्हापूरला, आणि मोठं दुखणं निघालं की मिरज. चार ठिकाणच्या चार चिठ्ठ्या, पण पिशवी एकच. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन एका नावाने दिलेलं असतं आणि मिरजेहून सुटी मिळताना तेच टेल्मिसार्टन दुसऱ्या कंपनीच्या नावाने आलेलं असतं. दोन्ही पाकिटं वेगळी दिसतात म्हणून माणूस दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेतो. मग उठताना चक्कर येते आणि आपण ती उन्हावर ढकलतो. वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोळ्या एकच औषध असू शकतात, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

रंगावर जाऊ नका

घरात औषधांची नावं कशी पडतात पाहा : बीपीची पांढरी, शुगरची लांबट, रक्ताची लाल, पोटाची कॅप्सूल. रोजच्या व्यवहाराला हे पुरतं आणि म्हणूनच घात होतो. दुकानात नेहमीची कंपनी नसली की दुसरी मिळते. औषध तेच, रंग वेगळा. कधी याच्या उलट : कंपनी गोळीचा रंग बदलते आणि आजी म्हणतात, ‘ही माझी गोळी नव्हंच.’ त्यांचा हा संशय मला फार मोलाचा वाटतो. ‘घ्या हो गुपचूप’ म्हणून तो मोडून काढण्यापेक्षा पाकीट हातात घेऊन वाचून दाखवावं. दहातल्या एखाद्या वेळी आजीच बरोबर निघतात.

चांदीच्या कामावर जगणाऱ्या हुपरीला हे समजावून सांगायची खरं तर गरज पडू नये. चकाकतंय म्हणून चांदीचा भाव कुणी ठरवत नाही, टंच काढल्याशिवाय, म्हणजे शुद्धता तपासल्याशिवाय, व्यवहार होत नाही. गोळीचा टंच तिच्या पाकिटावर छापलेला असतो.

पाकिटावर वाचायचं काय?

पहिलं, औषधाचं मूळ नाव. मोठ्या झोकदार अक्षरातलं कंपनीचं नाव वेगळं आणि आतलं औषध वेगळं. औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्यांनुसार मूळ नाव छापावंच लागतं. एकेरी औषधांवर ते कंपनीच्या नावापेक्षा ठळक असावं, असा बदल २०१८ मध्ये आला. दोन पाकिटांवर मूळ नाव एकच दिसलं तर दोन्ही घेण्याआधी डॉक्टरांना विचारायचं.

दुसरं, ताकद. ५, १०, ५०, ५०० हा आकडा आणि त्यापुढचं मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम. नाव बरोबर आणि आकडा चुकीचा ही घरातली नेहमीची चूक आहे. सासू-सुनेच्या बाटल्यांत तेच झालं.

तिसरं, लाल खुणा. डाव्या कडेने उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, शेजाऱ्याला उसनं द्यायचं नाही. लाल चौकटीतल्या सूचनेत ‘एच-१’ असं लिहिलेलं असेल तर ते एच-१ यादीतलं. ही यादी मार्च २०१४ पासून लागू झाली. त्यात काही जोरकस अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं आणि सवय लावणारी औषधं आहेत. ‘फक्त बाहेरून वापरासाठी’ अशी ओळ असलेली बाटली खायच्या औषधांच्या डब्यात नकोच.

चौथं, मुदत आणि बॅच नंबर. मुदतीत फक्त महिना छापला असेल तर त्या महिन्याच्या शेवटापर्यंत औषध चालतं. बॅच नंबर कुणी बघत नाही. पण सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात कोल्ड्रिफ या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, तेव्हा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना सावध केलं ते एसआर-१३ या बॅचचा नंबर सांगूनच. लेबल फाटलेली बाटली घरात असलेल्या माणसाने काय ताडून पाहायचं?

गोम अशी की पाकीट कापून घेतलं की हे सगळं हरवतं. मुदत एका टोकाला छापलेली, आपल्या वाट्याला आलेलं टोक दुसरं. चार गोळ्या सुट्या घेताना मुदतीचा तुकडा मागून घ्या. नाही मिळाला तर तिथेच पेन मागा आणि नाव, आकडा, मुदत कागदी पाकिटावर लिहून घ्या. घरी गोळ्या काढतानाही मुदतीचं टोक शेवटी फोडायचं.

अक्षर बारीक, त्यातून इंग्रजी. नातवाच्या मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघणं हा सोपा उपाय. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की मूळ नाव, बॅच आणि मुदत पडद्यावर येते.

नावं जुळी, औषधं परकी

सांधेवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, आठवड्यातून एकदा. त्याच्या जोडीला फॉलिक अॅसिड देतात, बाकीच्या दिवशी. एकाचं बाजारातलं एक नाव फोलिट्रॅक्स, दुसऱ्याचं फोलव्हाइट. दोन्ही गोळ्या पिवळसर असू शकतात. आता ही दोन्ही एकाच पिशवीत, एकाच माणसाची. फोलव्हाइट समजून फोलिट्रॅक्स रोज घेतली गेली तर काही दिवसांत तोंडात फोड येतात, ताप चढतो, रक्तातल्या पेशी घटतात. जीवावर बेतू शकतं. घरात मेथोट्रेक्सेट असेल तर वार ठरवा, तो वार पाकिटावर मार्करने लिहा, आणि ते पाकीट बाकीच्या गोळ्यांत ठेवूच नका.

सारख्या नावांचा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मेंदूच्या मलेरियावरची दोन औषधं, फाल्सिगो आणि फाल्सिटॅब. एक कॅडिला हेल्थकेअरचं, दुसरं कॅडिला फार्मास्युटिकल्सचं, आणि आतली औषधं निरनिराळी. २००१ मध्ये निकाल देताना न्यायालयाने म्हटलं की, औषधांच्या बाबतीत नावांतल्या साम्याला इतर मालापेक्षा कडक कसोटी लावायला हवी, कारण इथला घोळ जीव घेऊ शकतो. बाजारात तशाच नावाचं दुसरं औषध नाही, असं हमीपत्र कंपनीने द्यायचं, असा नियम २०१९ मध्ये आला. तरी जुळी नावं आहेतच. म्हणून फोनवर औषध सांगताना नावावर भागवू नका. ‘ती फोलीची गोळी पाठव’ म्हणण्यापेक्षा पाकिटाचा फोटो पाठवा.

पातळ औषध, थेंब आणि झाकणं

लहान मुलांचं पॅरासिटामॉल दोन प्रकारांत येतं. सिरपमध्ये साधारणपणे ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम औषध असतं. तान्ह्या बाळाच्या थेंबांच्या बाटलीत मात्र १ मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम. म्हणजे थेंबांच्या बाटलीतून कुणी सिरपसारखं ५ मिलिलिटर पाजलं तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. बाटली लहान म्हणून औषध सौम्य, हा समज इथे साफ उलटा पडतो.

झाकणांचंही तसंच. मोजायचं टोपण ज्या बाटलीचं त्याच बाटलीवर बसवायचं. धुऊन ओट्यावर पालथी घातलेली तीन टोपणं पुन्हा कुठे बसतील याचा नेम नसतो आणि प्रत्येकाच्या रेघा वेगळ्या. घरातला चमचा तर मापच नव्हे. चहाचा, पोह्यांचा, आमटीचा, प्रत्येकात वेगळं मावतं.

डोळ्यांचे थेंब आणि कानाचे थेंब यांच्या बाटल्या हातात घेतल्या तर जुळ्या भावंडांसारख्या लागतात. कानाचं औषध डोळ्यात गेलं की आग आग होते. त्याच आकाराची चिकटवायच्या गोंदाची बाटली फळीवर असेल तर मामला आणखी गंभीर. डोळ्यांचं औषध वेगळ्या खोलीत ठेवलं तरी चालेल, आणि फोडल्याची तारीख बाटलीवर टाका. साधारण महिन्याने ते टाकून द्यायचं असतं.

असल्या चुका घरातच होतात असं नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी इथे पोलिओ लसीकरणाच्या दिवशी १२ बालकांना लसीऐवजी हात स्वच्छ करायच्या सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. मुलांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. सुदैवाने ती बरी झाली. प्रशिक्षण घेतलेल्या माणसांच्या हातून भर दिवसा हे होतं. मग रात्री दोन वाजता, वीज गेलेली असताना, रडणारं पोर कडेवर घेतलेल्या आईच्या हातून व्हायला कितीसा वेळ लागणार?

इन्सुलिन : बाटली बरोबर, सिरिंज चुकीची

हा भाग इन्सुलिन घेणाऱ्या प्रत्येक घराने दोनदा वाचावा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींत मिळतात : एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंजही दोन. ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळलाच पाहिजे. ४० च्या बाटलीतलं इन्सुलिन १०० च्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं तर अंगात फक्त ८ युनिट जातात. १०० च्या बाटलीतलं ४० च्या सिरिंजने तेवढंच ओढलं तर ५० युनिट जातात, आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो.

गढूळ ते सावकाश काम करणारं, स्वच्छ ते झटपट, हा जुना ठोकताळा होता. तो आता धरू नका. दिवसभर काम करणारं ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. नाव वाचायचं.

कारखान्यातली बाटली घरात

हुपरीला चंदेरीनगरी म्हणतात. ही नगरी मोठ्या कारखान्यांत कमी आणि घराघरांत जास्त आहे. पुढच्या खोलीत आटणी, मागच्या खोलीत स्वयंपाक. हुपरी, रेंदाळ, यळगूड, पट्टणकोडोलीकडे बायका घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडतात, घुंगरं लावतात. चांदी शुद्ध करायला आणि उजळायला तेजाब लागतं, मुलाम्याच्या कामात सायनाइडचे क्षार वापरतात. आणि थोडंसं अॅसिड कुठून कुठे न्यायचं झालं की हाताशी काय असतं? पाण्याची रिकामी बाटली, नाहीतर धुतलेली औषधाची बाटली.

इथे माझं मत ठाम आहे. खायच्या-प्यायच्या किंवा औषधाच्या बाटलीत तेजाब एक मिनिटही ठेवू नये, ‘आत्ता वापरून संपवतो’ म्हणूनसुद्धा. नायट्रिक अॅसिड लांबून पाण्यासारखं दिसतं. कामावरून तहानलेला माणूस बाटली तोंडाला लावतो तेव्हा वास घ्यायला थांबत नाही. कामाच्या रसायनांना मूळच्या लेबलाचीच बाटली, कुलपाचं कपाट, आणि ते कपाट स्वयंपाकघरात नको. रॉकेल, फिनेल आणि उसाच्या फवारणीची औषधं यांनाही हाच न्याय.

एक गंमत सांगायची तर भाजल्यावर लावायच्या मलमातही चांदीच असते, सिल्व्हर सल्फाडायझिन. आगीशी काम असलेल्या घरात ही ट्यूब बहुधा सापडते. ती बेसिनवर टूथपेस्टशेजारी ठेवायची वस्तू नव्हे, इतकंच.

खुणा करायच्या त्या हाताला कळतील अशा

दिवा नसेल, चष्मा नसेल, मोतीबिंदू असेल तेव्हाही खूण चालली पाहिजे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात विषारी औषधांच्या बाटल्या सहाकोनी आणि अंगावर उभ्या रेघा उठलेल्या असत, म्हणजे अंधारात हात लागताच कळावं. युरोपीय संघाने २००४ मध्ये निर्देश काढून औषधांच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये उठवायला लावलं. आपल्याला घरी रबरबँड पुरतात. सासूच्या बाटलीला एक, सुनेच्या बाटलीला दोन. अॅडलरबाईंची रंगीत कडी यापेक्षा निराळं काय करत होती? फक्त खूण एकदा ठरली की ती कपाटाच्या दाराला कागदावर लिहून लावायची, नाहीतर पुण्याहून आलेल्या लेकीला दोन रबरांचा अर्थ कोण सांगणार?

नाव आणि वेळ मराठीत, ठळक मार्करने, मेडिकल टेपवर लिहा : ‘आई, सकाळी, अनशापोटी, ५०’. टेप मूळ नाव, आकडा, बॅच आणि मुदत झाकणार नाही अशी लावा. प्रत्येक माणसाचा डबा वेगळा. घरात पोर रांगत असेल तर रसायनांच्या कपाटाच्या कडीला घुंगरू बांधा, दार हललं की वाजेल. हुपरीत घुंगराला तोटा नाही.

आठवड्याच्या सात खणांची डबी मिळते, ती चांगली आहे. पण ती घरातल्या एकाच, नीट दिसणाऱ्या माणसाने भरायची, आणि मूळ पाकिटं टाकायची नाहीत. काही गोळ्या वेष्टनातून काढल्या की ओलाव्याने बिघडतात, तेव्हा भरण्याआधी मेडिकलवाल्याला विचारावं. मुलांच्या हाताला ती लागू द्यायची नाही, खण सहज उघडतात.

होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्यांना कुठलीच खूण नसते, बाटल्याही एका साच्यातल्या. लेबल पुसलं गेलं तर ओळखायचा प्रयत्न करू नका, टाकून द्या. हाच नियम लेबल गेलेल्या प्रत्येक औषधाला.

चुकीचं औषध पोटात गेलंच तर

भांडत बसू नका, लपवूही नका. सुनेची चूक की सासूची, हे नंतर. काय घेतलं, किती घेतलं, किती वाजता, हे लगेच कागदावर लिहा आणि डॉक्टरांना फोन करा.

शुगरची गोळी दोनदा घेतली गेली आणि घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं सुरू झालं, तर माणूस शुद्धीवर असताना साखरेचं पाणी द्या आणि दवाखाना गाठा. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर बराच वेळ राहतो, साखर खाऊन बरं वाटलं म्हणून घरी थांबू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही. डोळ्यात भलतं औषध गेलं तर वाहत्या स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवा.

तेजाब, फिनेल किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजून ओकवायची आपली जुनी रीत इथे घातक ठरते. तेजाब वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजून काढतं आणि रॉकेल फुफ्फुसात शिरतं. तोंड पाण्याने धुवायचं आणि १०८ ला फोन करायचा. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर चोवीस तास सल्ला देतं, फोनला पैसे पडत नाहीत.

कोल्हापूरला सीपीआर रुग्णालयाकडे निघताना बाटली, टोपण, रिकामं पाकीट आणि उरलेल्या गोळ्या सगळं बरोबर घ्या. ‘पांढरी, छोटी गोळी होती’ एवढ्यावर डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. बाटलीवरचं नाव, आकडा आणि आत उरलेल्या गोळ्यांची संख्या समोर आली की किती पोटात गेल्या असतील याचा हिशेब तिथल्या तिथे मांडता येतो.